पदवी-उमेदवारी, सरकारी अर्थसेवेतील

सरकारी खात्यात पहिल्या दिवसापासून पगार घेऊन काम करीत असतानाच अर्थशास्त्राची पदवी पूर्ण करण्याची पद्धत. मराठीत ‘उमेदवारी करणे’ या शब्दप्रयोगाला पूर्वी कायम नेमणुकीच्या आशेवर कचेरीत बिनपगारी राबण्याचा अर्थ होता. येथे अभिप्रेत असलेली उमेदवारी नेमकी त्याच्या उलट आहे. तिचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. तेथील विविध खात्यांत काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञांची ‘गव्हर्न्मेंट इकॉनॉमिक सर्व्हिस’ ही सेवा 1964 मध्ये स्थापन झाली. तिच्यात प्रवेश मिळविण्यासाठी दीर्घकाळ आधी पदवी हाती असावी लागे. 2018 मध्ये या सेवेने केंट विद्यापीठाच्या साहाय्याने पदवी-उमेदवारीची योजना सुरू केली आणि शालेय शिक्षण नुकतेच संपविलेल्या तरुणांनाही सरकारी अर्थतज्ज्ञ होण्याची वाट खुली झाली.

या योजनेमागे आर्थिक कारण आहे, तसेच सामाजिकही आहे. एप्रिल 2017 पासून ब्रिटनमध्ये ज्या संस्थांचा वार्षिक वेतनखर्च 30 लाख पौंडांहून अधिक आहे, त्यांच्यावर 0.5 टक्के उमेदवारी-कर लागू झाला. या करातून जमणारा निधी त्या वेळी इंग्लंडमध्ये उमेदवारांच्या प्रशिक्षणावरच खर्च करता येत असल्याने सरकारी खात्यांनाही तो वापरण्याची निकड निर्माण झाली. त्याच सुमारास इंग्लंडमधील 250 वा अधिक कर्मचारी असलेल्या सार्वजनिक संस्थांना दरवर्षी कर्मचारीसंख्येच्या 2.3 टक्के नवे उमेदवार घेण्याचे लक्ष्य ठरवून देण्यात आले. सामाजिक कारण मात्र अधिक मोलाचे आहे. ब्रिटनमधील अनेक सरकारी शाळांत अर्थशास्त्र हा विषयच शिकविला जात नाही. पदवीला अर्थशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास राहते. शिवाय 2017 नंतर इंग्लंडमधील विद्यापीठांचे वार्षिक शुल्क 9,250 पौंडांपर्यंत गेले. ज्यांच्या जीवनावर भाडे-अनुदान, किमान वेतन वा बसभाड्याचे निर्णय थेट परिणाम करतात, त्या घरांतील मुले हे निर्णय तपासणाऱ्या टेबलापर्यंत क्वचितच पोहोचत. उमेदवाराकडून शिक्षणशुल्क घेता येत नाही, त्यामुळे तो पदवीसाठी कर्ज न काढता शिकतो, हा या पद्धतीचा सर्वांत न्याय्य भाग म्हणावा लागेल.

प्रशिक्षणाचा काळ साधारणपणे चार वर्षांचा असतो. कामाच्या वेळेपैकी ठरावीक वाटा, सुरुवातीच्या नियमानुसार किमान 20 टक्के म्हणजे आठवड्यातील जवळपास एक दिवस, अभ्यासासाठी राखून ठेवावा लागतो. सूक्ष्मलक्ष्यी व समग्रलक्ष्यी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) हे विषय विद्यापीठ शिकविते, तर उरलेल्या दिवसांत उमेदवार खात्यातील आकडेवारी गोळा करतो, तक्ते तयार करतो, धोरणविषयक टिपणे लिहितो आणि वरिष्ठांच्या गणितांची फेरतपासणी करतो.

या फेरतपासणीचे महत्त्व एका प्रत्यक्ष घटनेवरून समजते. 2012 मध्ये ब्रिटनच्या वाहतूक खात्याला पश्चिम किनारा रेल्वेमार्गाच्या ठेक्याची निविदा-प्रक्रिया रद्द करावी लागली. चौकशीत जे दोष आढळले त्यांपैकी एक असा होता, की महागाई वगळून काढलेले वास्तव किमतींचे आकडे चालू, म्हणजे महागाईसह धरलेल्या, किमतींचे आकडे म्हणून वापरले गेले होते. निविदा भरणाऱ्या चार कंपन्यांचा सुमारे 4 कोटी पौंडांचा खर्च खात्याला भरून द्यावा लागला. वास्तव आणि चालू किमतींतील भेद हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे. तो वर्गात शिकून त्याच आठवड्यात खऱ्या तक्त्यातील प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ‘कोणत्या वर्षाच्या किमती’ हे तपासणारा उमेदवार तो सहसा विसरत नाही. या प्रकरणानंतर सरकारी गणिती प्रारूपांच्या गुणवत्तेची तपासणी अधिक काटेकोर करण्यात आली.

वटावाचे, म्हणजे भविष्यात मिळणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य कमी धरण्याचे, उदाहरणही असेच बोलके आहे. सार्वजनिक प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी ब्रिटिश अर्थखात्याने ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका तयार केली असून तीत सामाजिक वटाव दर 3.5 टक्के धरला आहे. या दराने दहा वर्षांनंतर मिळणाऱ्या 100 पौंडांच्या लाभाचे आजचे मूल्य सुमारे 71 पौंड भरते, तर तीस वर्षांनंतरच्या तेवढ्याच लाभाचे मूल्य 36 पौंडांच्या आत येते. पाठ्यपुस्तकात हे एक सूत्र असते. पूरसंरक्षक बंधाऱ्याच्या प्रस्तावावर काम करताना मात्र त्याच सूत्रामुळे आज लहान असलेल्या मुलांना पुढे मिळणारे संरक्षण कागदावर आक्रसते, हे उमेदवाराला दिसते. त्यापेक्षाही दूरच्या काळासाठी दर टप्प्याटप्प्याने कमी का केला जातो, हा प्रश्न मग परीक्षेपुरता राहत नाही.

या वाटेवर कष्टही आहेत. नोकरीची जबाबदारी, विद्यापीठाचे गृहपाठ आणि परीक्षा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. अर्थसंकल्पाच्या दिवसांत कार्यालयातील काम वाढते, तरी विद्यापीठाची मुदत पुढे सरकत नाही. समवयस्कांसारखे वसतिगृहातील मोकळे जीवनही मिळत नाही. राखीव अभ्यासदिवस पाळला जाणे बरेचसे वरिष्ठ अधिकाऱ्यावर अवलंबून असते. जेथे तो दिवस बैठकांनी गिळला जातो, तेथे ‘पदवी’ हा शब्द जडच पडतो.

भारतात शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा आणि भारतीय आर्थिक सेवा या दोन्हींचा आरंभ 1961 सालचा आहे, परंतु दोहोंची गाठ अद्याप पडलेली नाही. कायद्याचा भर प्रथम कारखान्यांतील कारागिरीवर होता. अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांना त्यात 2014 च्या दुरुस्तीने वाव मिळाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आर्थिक सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो व तिच्यासाठी अर्थशास्त्र वा अर्थमितीसारख्या संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. त्यामुळे पुणे वा कोल्हापूर येथे बारावी झालेल्या विद्यार्थ्याला त्या टेबलापर्यंत जाण्यासाठी आधी किमान पाच वर्षे स्वखर्चाने वा शिष्यवृत्तीवर शिकावे लागते.