थर्मोकपल

दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाशी जोडून केलेला, तापमानातील फरकाचे विद्युत् दाबात रूपांतर करणारा संवेदक. पुस्तकी मराठीत त्याला तपयुग्म म्हणतात. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी मात्र थर्मोकपलच असते. धातू वितळवणे, ओतणे, तापवून कठीण किंवा मऊ करणे, या सगळ्या कामांत तापमान चुकले की माल बिघडतो, आणि ते मोजण्याचे सर्वांत साधे साधन हेच आहे. त्याला बॅटरी लागत नाही, त्यात हलणारा भाग नसतो आणि निरनिराळ्या जोड्या मिळून उणे २०० पासून सुमारे १७००° से. पर्यंतचा पल्ला त्याच्या आवाक्यात येतो. या साधेपणामुळेच त्याच्याबद्दलचे गैरसमजही फार आहेत.

शोध : थॉमस योहान झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८२१ साली बर्लिनमध्ये बिस्मथ आणि तांबे यांचे बंद कडे करून एक सांधा तापवला, तेव्हा शेजारची चुंबकसूची हलली. त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कच्या अर्स्टेड या शास्त्रज्ञाने विद्युत् प्रवाहामुळे चुंबकसूची हलते हे दाखवले होते. तरीही झेबेकने आपल्या प्रयोगाचा अर्थ चुंबकत्वाचा लावला. उष्णतेने धातूंत चुंबकत्व येते, असे त्याचे म्हणणे होते. या घटनेला ‘तापविद्युत्’ म्हटले ते अर्स्टेडने. परिणामाला नाव मात्र झेबेकचेच राहिले. भट्टीसाठी भरवशाचे थर्मोकपल मिळायला आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली. फ्रान्सच्या आंरी ल शातलिए याने १८८० नंतरच्या दशकात शुद्ध प्लॅटिनम आणि १० टक्के ऱ्होडियम मिसळलेले प्लॅटिनम यांची जोडी वापरात आणली. आजचा ‘एस’ प्रकार तो हाच. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापनश्रेणीत काही पल्ल्यासाठी प्रमाण उपकरण म्हणून त्याची निवड झाली, आणि १९९० च्या नव्या श्रेणीने तो मान काढून घेईपर्यंत ते तिथे होते.

दाब कुठे तयार होतो : बहुतेकांची समजूत अशी, की तापलेल्या सांध्यात वीज निर्माण होते. तसे नसते. घाट चढताना उंची माथ्यावर मिळत नाही, वळणावळणाने चढत मिळवावी लागते. थर्मोकपलमधला विद्युत् दाबही तसाच तारेच्या लांबीभर, जिथे जिथे तापमान बदलते तिथे तिथे थोडा थोडा साठत जातो. एका तारेचे एक टोक गरम व दुसरे थंड असले की त्या तारेत दाब येतो. किती येतो, हे धातूवर ठरते. दोन्ही तारा एकाच धातूच्या असत्या तर दोघींतला दाब सारखा येऊन एकमेकांना खोडून टाकता. धातू वेगळे असले की फरक उरतो, आणि उपकरण तेवढाच वाचते. सांध्याचे काम फक्त दोन तारा विजेच्या दृष्टीने एकत्र आणण्याचे.

ही गोष्ट निव्वळ पुस्तकी नाही. भट्टीच्या आतला तारेचा भाग जवळजवळ एकाच तापमानाला असतो, म्हणजे तिथे जवळजवळ काहीच निर्माण होत नाही. खरा दाब तयार होतो तो भट्टीची भिंत ओलांडताना, जिथे वीतभर अंतरात तापमान शेकडो अंशांनी उतरते. तेवढ्या तुकड्यातली तार जळून, गंजून किंवा वाकवून बदललेली असेल तर सांधा कितीही चकचकीत असो, वाचन चुकणारच. म्हणून वापरलेले थर्मोकपल काढून प्रयोगशाळेत पाठवणे आणि तिथून ‘बरोबर आहे’ असा कागद आणणे यातून फारसे हाती लागत नाही. प्रयोगशाळेच्या भट्टीत ते वेगळ्या खोलीवर बुडवले जाते, बिघडलेला तुकडा सपाट तापमानात जाऊन बसतो आणि दोष लपतो. जुन्याची परीक्षा जागेवरच, शेजारी नवे थर्मोकपल घालून करावी लागते.

थंड टोक आणि जोडतार : थर्मोकपल तापमान सांगत नाही, दोन टोकांच्या तापमानांतला फरक सांगते. प्रमाण कोष्टके थंड टोक, म्हणजे उपकरणाकडचे टोक, ०° से. ला धरून केलेली असतात. ‘के’ प्रकारात १०००° से. ला ४१.२७६ मिलिव्होल्ट मिळतात ते याच अटीवर. उपकरण बसवलेले पॅनेल ३०° से. ला असेल तर प्रत्यक्षात ४०.०७३ मिलिव्होल्टच येतात, उरलेले १.२०३ उपकरणाने स्वतःचे तापमान पाहून मिळवायचे असतात. पूर्वी थंड टोक बर्फाच्या भांड्यात ठेवत, आता उपकरणातच तापमान मोजणारा छोटा भाग असतो.

भट्टीपासून पॅनेलपर्यंत जी जोडतार नेतात ती त्याच प्रकारच्या थर्मोकपलची, किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या मिश्रधातूची असावी लागते. इथे साधी तांब्याची वायर जोडली तर काय होते, हे हिशेबाने पाहता येते. भट्टीच्या अंगावरच्या जोडपेटीत ६०° से. आणि पॅनेलजवळ ३५° से. असेल, तर मधले २५ अंश हरवतात. भट्टी तेवढी कमी दाखवते. जोडतार योग्य असूनही दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक दुप्पट, म्हणजे ५० अंशांची. काटा योग्य दिशेने हलत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. अशी उलटापालट होण्याचे एक कारण रंगांत आहे. अमेरिकी संकेतात लाल तार ऋण असते. घरातल्या बॅटरीवर लाल म्हणजे धन हे शिकलेला वायरमन ती नेमकी उलटी लावतो, आणि त्याला दोष द्यावासाही वाटत नाही. युरोपात रूढ असलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतात ‘के’ची धन तार हिरवी आणि ऋण पांढरी असते. आयात केलेली भट्टी आणि इथे घेतलेली तार एकत्र आली की नीट तपासूनच जोडावे.

प्रकार : अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या जोड्यांत सर्वाधिक चालतो तो ‘के’. त्याची धन तार निकेल-क्रोमियमची, ऋण तार थोडे ॲल्युमिनियम, मँगनीज व सिलिकॉन मिसळलेल्या निकेलची. दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. ‘जे’मध्ये लोखंड आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) असते, तो स्वस्त पण लोखंडाची तार गंजते. ‘टी’ (तांबे-कॉन्स्टंटन) थंड कामांसाठी चांगला. ‘एस’, ‘आर’, ‘बी’ हे प्लॅटिनम घराण्यातले : महाग आणि दाब कमी, १०००° से. ला ‘एस’ फक्त ९.५८७ मिलिव्होल्ट देतो, पण वितळलेल्या पोलादापर्यंत टिकतात. ‘बी’ची एक गंमत आहे. खोलीच्या तापमानाजवळ त्याचा दाब इतका नगण्य असतो की थंड टोकाची भरपाई केली नाही तरी चालते. ‘एन’ हा ऑस्ट्रेलियात नोएल बर्ली यांनी ‘के’चे दोष काढण्यासाठी विकसित केला. तो ‘के’पेक्षा स्थिर आहे, तरी सवयीपुढे त्याचे फार चालले नाही.

नवे थर्मोकपलही अगदी अचूक नसते. आंतरराष्ट्रीय मानकात ‘के’च्या दुसऱ्या वर्गाला ०.७५ टक्के सूट आहे, म्हणजे १०००° से. ला साडेसात अंश इकडे किंवा तिकडे.

हिरवी कीड : ‘के’ प्रकाराचा सर्वांत घातक बिघाड सुमारे ८०० ते १०५०° से. च्या दरम्यान, ऑक्सिजन अगदी थोडा असलेल्या जागी होतो. भरपूर हवा असेल तर तारेवर संरक्षक थर बसतो. हवा अपुरी असेल तर धन तारेतले क्रोमियम तेवढे निवडून ऑक्सिडीकृत होते, तार हिरवट पडते, आणि तिच्यातले निकेलचे प्रमाण वाढत जाते. दाब घसरतो. इथेच धोका आहे : वाचन कमी आले की नियंत्रक भट्टीला आणखी उष्णता देतो. पॅनेलवर आकडा स्थिर, आलेखावर रेघ सरळ आणि आत माल हळूहळू करपत असतो. तार तुटली तर निदान कळते. बहुतेक नियंत्रक अशा वेळी वाचन कमाल दाखवून तापवणे बंद करतात. कीड लागलेली तार मात्र तुटत नाही, खोटे बोलत राहते. संरक्षक नळीला बारीक चीर गेलेली कार्ब्युरायझिंग भट्टी (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणारी) ही यासाठी अगदी पोषक जागा. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. चांगल्या ‘के’ जोडीत ऋण तार लोहचुंबकाला चिकटते, धन तार चिकटत नाही. धन तारही चिकटू लागली तर ती टाकून द्यावी.

प्लॅटिनमच्या तारांचे शत्रू वेगळे : धातूंच्या वाफा, सिलिकॉन, क्षपणकारी (ऑक्सिजन काढून घेणारे) वायू. त्यामुळे त्या शुद्ध ॲल्युमिनाच्या नळीत घालतात. धातूच्या आवरणात मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून केलेली थर्मोकपल्स वाकवता येतात व धक्के सोसतात, पण ती भुकटी ओलावा ओढते. कापलेले टोक पावसाळ्यात चार दिवस उघडे राहिले की तारांमधला विद्युत् रोध कोसळतो.

ओतकामात : वितळलेल्या लोखंडात कोणतेही थर्मोकपल फार वेळ टिकत नाही. यावर तोडगा असा, की ते टिकवायचेच नाही. पुठ्ठ्याच्या नळीच्या टोकाला इंग्रजी ‘यू’ आकाराची बारीक क्वार्ट्‌झ नळी, तिच्यात केसासारखी प्लॅटिनम-ऱ्होडियमची तार. दांड्यावर बसवून रसात बुडवायचे, काही सेकंदांत आकडा येतो, टोक फेकून द्यायचे. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या भागांत वाहनांच्या व पंपांच्या भागांचे ओतकाम करणाऱ्या अनेक फाउंड्र्या आहेत. तिथे लॅडल (रस वाहून नेणारे भांडे) साच्यांकडे निघण्यापूर्वी ही बुडी मारणे रोजचेच काम आहे. करड्या बिडाचा रस फार थंड झाला तर पातळ भिंतींचे साचे अर्धवट भरतात, फार गरम असला तर वाळू भाजून कास्टिंगला चिकटते.

याहून चतुर उपयोग पेल्याचा. राळ लावलेल्या वाळूच्या छोट्या पेल्यात मधोमध ‘के’ थर्मोकपल आडवे बसवलेले असते. त्यात रस ओतायचा आणि तो निवताना तापमान कसे उतरते ते पाहायचे. उतरण मधेच दोनदा थबकते : घट्ट होण्याची सुरुवात होते तेव्हा आणि ती पुरी होते तेव्हा. पहिल्या थांब्यावरून कार्बन-तुल्यांक (कार्बन व सिलिकॉन यांचा मिळून परिणाम सांगणारा आकडा), दोन्ही मिळून कार्बन आणि सिलिकॉनचे प्रमाण निघते, तेही दोन-तीन मिनिटांत, रस भट्टीत असतानाच. पेल्यात टाकलेले चिमूटभर टेल्युरियम रसाला पांढऱ्या बिडासारखे गोठवते, म्हणून थांबे स्पष्ट उमटतात. मॅग्नेशियम घातलेल्या रसात ते टेल्युरियम निकामी होते. त्यामुळे एसजी आयर्नचा (मॅग्नेशियम घालून केलेल्या, गोलाकार ग्राफाइटच्या बिडाचा) नमुना मॅग्नेशियमच्या आधीच घ्यावा लागतो. तापमान मोजायचा संवेदक इथे रसायनाची परीक्षा करतो.

भट्टीचे सर्वेक्षण : उष्णतोपचाराच्या भट्टीत एक थर्मोकपल एका बिंदूचेच तापमान सांगते. दाराजवळचा कोपरा आणि पंख्याजवळचा कोपरा यांत पुष्कळ फरक असू शकतो. विमानउद्योगात मानल्या जाणाऱ्या एएमएस २७५० या मानकानुसार नेहमीच्या आकाराच्या भट्टीत नऊ थर्मोकपल्स लावतात, आठ कोपऱ्यांत आठ आणि मध्यभागी एक, आणि सर्व बिंदू ठरलेल्या मर्यादेत राहतात का ते पाहतात. पहिल्या वर्गाच्या भट्टीला ±३° से., पाचव्या वर्गाच्या भट्टीला ±१४° से. इतकी सूट असते. एवढा काटेकोरपणा कशाला, हे २०२४ या ॲल्युमिनियम मिश्रधातूवरून कळते. त्याला सुमारे ४९३° से. ला बराच वेळ धरून ठेवावे लागते, आणि ५००° से. च्या थोडे पुढे गेले की कणांच्या सीमा वितळू लागतात. बाहेरून भाग जसाच्या तसा दिसतो. एकदा सीमा वितळल्या की पुन्हा उपचार करून तो सुधारत नाही, भंगारात जातो.

धातू ओळखण्यासाठी : झेबेक परिणाम उलट्या बाजूनेही वापरता येतो. तापमान ठाऊक असेल तर मिळणाऱ्या दाबावरून धातू कोणता ते कळते. एक तापवलेली आणि एक थंड अशी दोन टोके संशयित तुकड्यावर टेकवली की आकडा येतो, तो माहीत असलेल्या नमुन्याशी ताडतात. गोदामात दोन प्रतींचे बार मिसळले गेले तर ते न कापता वेगळे करता येतात. मात्र दोन मिश्रधातूंचा आकडा एकच येऊ शकतो, त्यामुळे ही पद्धत वेगळेपण सिद्ध करते, ओळख नव्हे. लेथवर तर वेगळे थर्मोकपलही लागत नाही : कार्बाइडचे हत्यार ही एक ‘तार’, कापला जाणारा पोलादी दांडा ही दुसरी, आणि जिथे कीस सुटतो तोच सांधा. दोन्ही यंत्राच्या अंगापासून विजेच्या दृष्टीने अलग केली की कापण्याच्या जागेचे सरासरी तापमान मिलिव्होल्टमध्ये वाचता येते.