पाद्री

पाद्री (पुं.) : ख्रिस्ती धर्मगुरूसाठी मराठीत रुळलेला शब्द. मूळ पोर्तुगीज ‘पाद्रे’. तो लॅटिन ‘पातेर’ म्हणजे बाप यावरून आला. संस्कृत ‘पितृ’ त्याच कुळातला. पोर्तुगीज उच्चारात शेवटच्या स्वरावर आघात नसल्याने तो इकाराकडे झुकतो, म्हणून मराठीत ‘पाद्री’. हिंदीने जोडाक्षर फोडून ‘पादरी’ केले. विभक्ती लागताना ‘पाद्र्याने’, ‘पाद्र्यांना’ अशी रूपे होतात. आजच्या पोर्तुगीजमध्ये घरच्या बापाला ‘पाय’ म्हणतात. ‘पाद्रे’ मुख्यतः धर्मगुरूला.

शब्द जहाजांबरोबर पसरला. 1580 मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट (एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू) अकबराच्या दरबारी पोहोचले. जपानमध्ये याच शब्दाचे ‘बातेरेन’ झाले. 1587 चा मिशनऱ्यांना हद्दपार करणारा हुकूम त्याच नावाने ओळखला जातो. 1616 मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण गोव्यात तो ‘पाद्री एस्तेव्हांव’.

पोर्तुगीजमध्ये मठवासी संन्याशाला ‘फ्रादे’ (भाऊ) असा वेगळा शब्द आहे. मराठीने तो घेतला नाही. झगा घातलेला प्रत्येक जण पाद्रीच ठरला. पुढे इंग्रजांनी हा शब्द आपल्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनाही लावला, आणि गंमत झाली. ‘पृथ्वीवर कोणालाही पिता म्हणू नका’ (मत्तय 23:9) या वचनाच्या आधारे अनेक प्रॉटेस्टंट ‘फादर’ हे संबोधन टाळतात. लोक मात्र त्यांना बापच म्हणत राहिले.

ख्रिस्ती समाजात समोरासमोर कोणी ‘अहो पाद्री’ म्हणत नाही. वसईचे कॅथलिक ‘फादर’ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘रेव्हरंड’ किंवा ‘पाळक’ चालते, जसे रेव्हरंड ना. वा. टिळक. बातम्यांत सरसकट ‘पाद्री’ लिहिल्याने घोटाळे होतात. कॅथलिक चर्चमध्ये बिशपने डोक्यावर हात ठेवून याजकपदाची दीक्षा दिलेला तो फादर. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकणे ही त्याची कामे. त्याच्या आधीच्या पायरीवरचा डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, पण मिस्सा अर्पण करू शकत नाही. ब्रदर हा व्रतस्थ असतो, त्याला सहसा याजकदीक्षा नसते. त्याला पाद्री म्हणणे चूकच.

भारतीय लष्करात मात्र हे अधिकृत पदनाम आहे. धर्मशिक्षकांच्या भरतीच्या जाहिरातीत पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्या जोडीने ‘पाद्री’ असतो; नेमणूक नायब सुभेदार हुद्द्यावर होते.