बोलिंग चेंडूची छिद्रे : माप व बेतणी

टेनपिन बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडण्याच्या खेळाच्या, जड चेंडूला अंगठा, मधले बोट आणि अनामिका यांसाठी खेळणाऱ्याच्या हाताबरहुकूम छिद्रे पाडण्याचे तंत्र. माप घेण्याला ‘फिटिंग’ व प्रत्यक्ष छिद्र पाडण्याला ‘ड्रिलिंग’ म्हणतात. दोन्ही कामे सहसा बोलिंग केंद्राला लागून असलेल्या ‘प्रो शॉप’मध्ये एकच कारागीर करतो. क्रिकेटमधील गोलंदाजीशी या तंत्राचा संबंध नाही.

छिद्रे केव्हा आली हा प्रश्न खेळाच्याच उगमाच्या वादात बहुधा हरवून जातो. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना ईजिप्तमध्ये एका मुलाच्या थडग्यात सापडलेला आणि इ. स. पू. सुमारे ३२०० चा मानला जाणारा चेंडू-पिनांचा संच काहीजण बोलिंगचा आद्य पुरावा धरतात. विल्यम पेहले यांच्यासारखे अभ्यासक उगम इ. स. सुमारे ३०० च्या जर्मनीत नेतात. दोन्ही मते खेळाविषयी आहेत, छिद्रांविषयी नाहीत. छिद्रांची कुळी शोधताना चेंडूच्या आकारमानाकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे १८८० च्या सुमारास सुरू झालेल्या कँडलपिन या बोलिंगच्या वेगळ्या प्रकाराचा चेंडू सुमारे ४.५ इंच व्यासाचा आणि अडीच पौंडांच्या आतला. त्याला छिद्र नाही. डकपिन या दुसऱ्या प्रकाराच्या चेंडूला नाही, कॅनडातील फाइव्हपिनच्याही नाही. हे सगळे चेंडू पंजात मावतात. टेनपिनचा चेंडू सुमारे साडेआठ इंच व्यासाचा आणि १६ पौंडांपर्यंत, म्हणजे ७.२६ किलोग्रॅमपर्यंत, जड. व्यास कँडलपिनच्या चेंडूच्या दुपटीला थोडाच कमी. पण घनफळ जवळजवळ सातपट. असा चेंडू एका हाताने झुलवायचा तर बोटे आत रोवल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून छिद्रांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेत, जड चेंडूबरोबरच झाला असावा, हे मत ग्राह्य वाटते. १८९५ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही खेळाची नियामक संस्था स्थापन झाली आणि साधनांच्या प्रमाणीकरणाला जोर आला.

सुरुवातीचे चेंडू लिग्नम व्हिटे या अतिशय घट्ट लाकडाचे असत आणि त्यांना अंगठा व एक बोट एवढ्यासाठीच दोन छिद्रे असत. तिसरे छिद्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू रूढ झाले. १९०५ च्या सुमारास कठीण रबराचा ‘एव्हरट्रू’ आणि १९१४ मध्ये ब्रन्सविक कंपनीचा ‘मिनरलाइट’ आला. पुढे पॉलिएस्टर, १९८० च्या दशकात पॉलियुरेथेन व १९९० च्या दशकात रिअॅक्टिव्ह रेझिन. बेतणीच्या दृष्टीने या बदलाचा एक लाभ म्हणजे जुने छिद्र रेझिन ओतून बुजवायचे आणि त्याच जागी नव्याने पाडायचे, ही सोय.

पकडीचे मुख्य प्रकार दोन. कन्व्हेन्शनल पकडीत बोटे टोकाकडून दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात. नवख्यांना ती सोपी वाटते. फिंगरटिप पकडीत फक्त पहिल्या सांध्यापर्यंत. अंगठा दोन्हींत पूर्ण आत असतो. फिंगरटिप पकडीत अंगठा आधी सुटतो आणि मागे राहिलेली बोटे चेंडूला उचलून फिरकी देतात. स्पर्धेतील बहुतेक खेळाडू ती वापरतात ते यासाठीच. सबंध बेतणीचा हेतूही या क्षणाभोवतीच फिरतो : झोक्याच्या तळाशी अंगठा ओढाताण न होता बाहेर आला पाहिजे. चेंडू घट्ट धरता येतो का, हा त्यामानाने दुय्यम प्रश्न.

अंगठ्याच्या छिद्राच्या कडेपासून बोटाच्या छिद्राच्या जवळच्या कडेपर्यंत, चेंडूच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर म्हणजे स्पॅन. माप घेताना कारागीर अनेक छिद्रांचा नमुना-चेंडू देतो. अंगठा बुडापर्यंत घालायचा, बोटे न ताणता, न आखडता चेंडूवर टेकवायची. मग सांध्याची घडी कडेच्या तुलनेत कुठे येते ते तो पाहतो. कन्व्हेन्शनल पकडीत तळहात आणि चेंडू यांच्या फटीतून पेन्सिल सरकली पाहिजे, अशी जुनी कसोटी आहे. मधले बोट व अनामिका यांचे स्पॅन क्वचितच सारखे येतात. बोटांच्या छिद्रांत रबरी ‘इन्सर्ट’ बसवायचे असतील तर त्यांच्या भिंतीची जाडी हिशेबात धरून छिद्र पाडावे लागते, नाहीतर काटेकोर घेतलेले मापही चुकते.

स्पॅन लांब झाला तर अंगठा बुडाशी सोलतो आणि तळहाताच्या स्नायूंवर ताण येतो. आखूड झाला तर तळहात चेंडूपासून सुटतो आणि खेळणारा नकळत चिमटा घेऊ लागतो. मुरलेला कारागीर त्यामुळे पट्टी लावण्याआधी घट्टे पाहतो. अंगठ्याच्या मागच्या बाजूचा घट्टा बहुधा स्पॅनची तक्रार सांगतो, पेराच्या गादीवरचा फोड आवळून धरण्याची.

खरा गुंता पिचचा. छिद्राचा अक्ष चेंडूच्या केंद्रातून जात असेल तर पिच शून्य. अक्ष केंद्राला जेवढ्या अंतराने चुकवतो तेवढे पिच, आणि ते इंचाच्या अपूर्णांकात सांगतात. छिद्राचा तळ तळहाताखाली सरकला तर फॉरवर्ड, तळहातापासून दूर गेला तर रिव्हर्स, आडवा कलला तर लॅटरल. अंगठ्याला फॉरवर्ड पिच दिल्यास चेंडू हातात अधिक वेळ राहतो. रिव्हर्स दिल्यास लवकर सुटतो. चेंडूची त्रिज्या सुमारे ४.३ इंच, तेव्हा १/८ इंच पिच म्हणजे जेमतेम १.७ अंशांचा कल. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक अंगठ्याला लगेच कळतो.

स्पॅन आणि पिच या दोन स्वतंत्र गोष्टी असल्यासारख्या शिकवल्या जातात. भूमिती तसे म्हणत नाही. शून्य पिचची छिद्रे केंद्राकडेच रोखलेली असल्याने त्यांच्यातील कोन फक्त अंतरावर ठरतो. पृष्ठभागावरून मध्य ते मध्य अंतर ४ इंच असेल तर कोन सुमारे ५४ अंश, ५ इंच असेल तर सुमारे ६७ अंश. म्हणजे स्पॅन १/८ इंचाने बदलला की अंगठा व बोटे यांच्यातील कोनही १/८ इंच पिचने बदलावा तेवढाच बदलतो. कोन वाढतो तसा अंगठा बोटांच्या समोर येऊ लागतो आणि पकड आवळते. लांब स्पॅनला रिव्हर्स पिच आणि आखूड स्पॅनला फॉरवर्ड पिच, ही तक्त्यांतून चालत आलेली रीत या गणितावर उभी आहे. कन्व्हेन्शनलवरून फिंगरटिपवर जाणाऱ्याने जुनेच पिच कायम ठेवले तर अंगठा अडकतो, त्याचेही कारण हेच.

मात्र तक्त्यावर किती विसंबावे याबाबत कारागिरांत एकमत नाही. एक पक्ष स्पॅनवरून पिच काढतो. दुसरा अंगठ्याचा बुडाचा सांधा किती मागे वाकतो, अंगठा सरळ आहे की पेराशी फुगलेला, तळहात जाड आहे की चपटा, हे पाहून ठरवतो. दुसरा पक्ष अधिक पटण्याजोगा आहे : तक्त्याचे गणित चेंडूपुरते बरोबर असले, तरी सारख्याच स्पॅनचे दोन हात सारखे लवचिक असतीलच असे नाही.

अंगठ्याचे छिद्र सैल ठेवले की आरामशीर होईल, हा नवख्यांचा सार्वत्रिक समज. प्रत्यक्षात सैल छिद्रात चेंडू पडेल या भीतीने अंगठा वाकतो, त्याचे पेर भिंतीला अडते आणि चेंडू उशिरा सुटतो. छिद्राच्या भिंती अंगठ्याला हलकेच घासाव्यात एवढे ते घट्ट हवे. अंगठा मुळात गोल नसल्याने छिद्रही अंडाकृती कोरतात. खेळता खेळता अंगठा सुजतो किंवा आकसतो. तो फरक आत चिकटपट्टीचे तुकडे लावून-काढून भरून काढतात. ‘स्लग’ म्हणजे अंगठ्याच्या जागी बसवायची प्लास्टिकची नळकांडी. काही स्लग काढता येतात व एका चेंडूतून दुसऱ्यात घालता येतात. छिद्राच्या कडा गोलसर करणे, म्हणजे बेव्हल, हे शेवटचे काम. ते हातानेच करतात आणि घाईत बिघडते तेही हेच.

चेंडूच्या आतील गाभ्याच्या संदर्भात छिद्रे कुठे घ्यायची हे ठरवणे म्हणजे ‘लेआउट’. तो वेगळा विषय आहे. लेआउट बदलला म्हणून हाताचे माप बदलत नाही.

चुकीच्या बेतणीचा वैद्यकीय परिणाम म्हणजे ‘बोलर्स थम’ : अंगठ्याच्या तर्जनीकडील बाजूने जाणारी संवेदी नस छिद्राच्या कडेवर वारंवार दाबली जाऊन तिच्याभोवती तंतुमय ऊती वाढतात; बधिरपणा, मुंग्या आणि हाताला लागणारी गाठ ही लक्षणे. डोबिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अशा १७ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. विश्रांती, अंगठ्याला संरक्षक कवच आणि छिद्राचे माप, कड किंवा पिच बदलणे हे पहिले उपाय; शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते.

नियमांच्या बाजूने १ ऑगस्ट २०२० ही महत्त्वाची तारीख. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकेतील आजच्या नियामक संस्थेने त्या दिवसापासून केवळ वजनाच्या समतोलासाठी पाडलेले जादा छिद्र बाद केले. पकडीची छिद्रे पाचापर्यंत चालतात, पण प्रत्येक फेकीत ती सगळी वापरली गेली पाहिजेत. ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमॉन्टे आणि फिनलंडचे ओस्कू पालेर्मा यांच्यामुळे लोकप्रिय झालेल्या दोन हातांच्या शैलीत अंगठा आत जातच नाही. अशा खेळाडूच्या चेंडूला आता दोनच छिद्रे असतात आणि अंगठ्याचे पिच हा प्रश्नच उरत नाही.

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये भाड्याने मिळतात ते ‘हाऊस बॉल’ कोणाच्याही मापाचे नसतात. त्यांना कन्व्हेन्शनल पकडीची ढोबळ छिद्रे असतात आणि सहसा वजनाबरोबर छिद्र व स्पॅनही वाढत जातो. त्यामुळे जाड अंगठ्याच्या माणसाला पेलेल असा हलका चेंडू बोटांना लहान पडतो, आणि बोटांना बसणारा चेंडू मनगटाला जड होतो.