कात्री लागल्यावर कामिनीत काय घडतं?

‘कुंपणाची कामिनी हिरवीगार आहे, पण फुलतच नाही,’ अशी तक्रार ऐकली की मी आधी एकच विचारतो: माळी कात्री किती वेळा चालवतो? सोसायट्यांमध्ये बहुधा उत्तर येतं, दर पंधरा दिवसांनी. मग फुलं येणार कुठून? कामिनीचा पांढरा सुगंधी गुच्छ नव्या फुटीच्या टोकाला येतो, आणि कात्री नेमकं तेच टोक घेऊन जाते.

कामिनी, म्हणजे आपल्या रानातली कुंती, लिंबू-संत्र्याच्या कुळातली. तिचं पान उन्हासमोर धरून पाहा, बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबाच्या पानातही त्या असतात, म्हणून दोन्ही चुरगळली की वास येतो. कढीपत्ताही याच कुळातला. सदाहरित म्हटलं तरी तिची पानं गळतातच, फक्त सगळी एकदम गळत नाहीत, त्यामुळे झुडूप कधी उघडं पडत नाही.

छाटल्यावर झुडूप दाट का होतं, यामागची गोष्ट रंजक आहे. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे नव्या फुटीचा कोंब, असतो, पण शेंडा शाबूत असेतो तो बहुधा झोपलेला राहतो. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि या डोळ्यांना रोखून धरतं. 1930 च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फावा बीन या शेंगवर्गीय पिकाच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नसूनही बगलेतले डोळे गप्पच राहिले. पुढे कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत एवढंच स्पष्टीकरण होतं.

2014 मध्ये संशोधक क्रिस्टीन बेव्हरिज यांच्या गटाने वाटाण्यावर काम करून त्यात एक महत्त्वाची भर घातली. वाढता शेंडा झाडातली साखर स्वतःकडे ओढत असतो. तो कापला की ही साखर खालच्या डोळ्यांकडे वळते, आणि ऑक्सिनची पातळी तिथे उतरण्याआधीच डोळे फुगू लागतात. म्हणजे आधी शिधा पोचतो आणि बंदी नंतर उठते! हे प्रयोग कामिनीवरचे नसले, तरी शेंडा कापल्यावर ती वागते तशीच.

म्हणून रोप फूट-दीड फुटाचं असतानाच शेंडा खुडावा. जीव कासावीस होतो खरा, पण उंची हवी म्हणून रोप तसंच वाढू दिलं तर पायथ्याशी नुसत्या काड्या उरतात. जूनमध्ये लावावं, दोन रोपांत साधारण दीड फूट अंतर ठेवावं. कुंपण खाली रुंद आणि वर किंचित अरुंद कापावं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: वर डोकं पसरलेलं, त्याच्या सावलीत खालची पानं उपाशी. मग खालून कुत्री-मांजरं ये-जा करतात, त्यावर कोणतंही खत उपयोगाचं नाही.

फुलं हवी असतील तर एका बहरानंतर नीट छाटणी करून पुढचे दीड-दोन महिने कात्री बाजूला ठेवावी. कोरड्या दिवसांनंतर चांगला पाऊस झाला की बऱ्याचदा आसपासच्या कामिनी एकदमच फुलतात, आणि पाकळ्याही झटपट गळतात. विटेसारखा चौकोनी आकार आणि भरपूर फुलं, दोन्ही एकाच कुंपणाकडून मागू नयेत. मला विचाराल तर मी फुलं निवडेन.

चुनखडीच्या जमिनीत कामिनीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. इथे युरिया ओतून फायदा नाही. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, हा फरक लक्षात ठेवावा. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं आणि पाणी साचू देऊ नये.

आता छाटणीची दुसरी बाजू. कात्रीनंतर येणारी लुसलुशीत पालवी सायला किडीलाही हवी असते. तीन-चार मिलिमीटरची ही कीड शेपटाकडची बाजू वर करून बसते आणि अंडी फक्त कोवळ्या फुटीवर घालते. सतत छाटलेलं कुंपण म्हणजे तिला कायम पालवी. लिंबूवर्गीय झाडांतला ग्रीनिंग रोग हीच कीड पसरवते. कामिनीला त्याचा सहसा फारसा त्रास होत नाही, संत्र्याची बाग मात्र खचते. फ्लोरिडात सायला 1998 मध्ये आढळली, आणि रोपवाटिकांतून विकल्या गेलेल्या कामिनीच्या रोपांबरोबर ती राज्यभर फिरली. रोग 2005 मध्ये सापडला. तिथलं संत्र्याचं उत्पादन त्यानंतर 90 टक्क्यांहून जास्त घसरलं आहे. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मुख्य घाव ग्रीनिंगचा.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत याची चिंता नको. तिथे कामिनीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती फुलपाखराची असते, चार पानं खाऊ द्यावीत. नागपूर-अमरावतीकडे संत्र्याच्या किंवा जालन्याकडे मोसंबीच्या बागेला मात्र कामिनीचं कुंपण नकोच. तिथे कोयनेल किंवा मेंदी लावावी. कामिनी आधीच असेल, तर थोडी थोडी न कापता सगळी एकदम छाटावी, म्हणजे पालवीही एकाच वेळी फुटेल. मग त्या कोवळ्या फुटीवर 5 टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालूनही फवारावा.