शुगरवाल्यांना ‘ती’ गोळी का लागू पडत नाही?

विदर्भातल्या खेड्यात शुगर असलेला माणूस पायाच्या मुंग्यांबद्दल बोलेल, डोळ्यांबद्दल बोलेल. लिंगाला ताठरता येत नाही हे मात्र तो डॉक्टरला सांगत नाही. आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याला सांगतो, नाहीतर तालुक्याच्या मेडिकलवर गर्दी ओसरली की हळूच गोळी मागतो. एकदा घेतो, काही होत नाही, मग ‘आता आपलं संपलं’ म्हणून गप्प बसतो. पुष्कळदा संपलेलं काही नसतं, गोळीच चुकीच्या वेळी घेतलेली असते.

गावात ‘नस’ म्हटलं की रक्ताची आणि संवेदनेची, दोन्ही एकच. शरीरात त्या वेगळ्या आहेत आणि शुगर दोन्ही बिघडवते. मनात इच्छा जागली की लिंगातल्या मज्जातंतूंची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने वाहिन्या सैलावतात, आतला स्पंजासारखा भाग रक्ताने भरतो आणि ते रक्त तिथे अडून राहतं. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की हा वायू कमी पडतो.

मेडिकलवर हळूच मागितली जाणारी ती गोळी म्हणजे सिल्डेनाफिल. ती हा वायू तयार करत नाही. त्याने सुरू केलेलं काम लवकर थांबू देत नाही, एवढंच. म्हणून गोळी घेऊन पंख्याखाली वाट पाहत पडून राहिलं तर काही घडत नाही. जवळीक, स्पर्श लागतोच. दुसरी चूक जेवणाची. सावजी मटण, वर तर्री, आणि त्यावर गोळी! तेलकट जेवणानंतर ती साधारण तासभर उशिरा रक्तात उतरते आणि जोरही कमी होतो. हलकं जेवून दोन तास जाऊ द्यावेत, मग गोळी, मग तासभर थांबावं. असर चार-पाच तास राहतो. सुरुवात सहसा ५० मिलिग्रॅमने होते. पासष्टी ओलांडलेल्यांना किंवा किडनी-लिव्हर अधू असलेल्यांना २५ ने. शुगर जुनी असेल तर पुष्कळांना १०० लागते, पण त्यापुढे नाही आणि चोवीस तासांत एकदाच. नीट घेऊन सहा-आठ वेळा पाहिल्याशिवाय ‘लागू नाही’ म्हणू नये. याच कामाची दुसरी गोळी टॅडालाफिल. तिला जेवणाची अडचण नाही आणि तिचा असर ३६ तासांपर्यंत टिकतो. संयुक्त कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात घड्याळ लावून जवळीक जमत नाही. तिथे तीच सोयीची.

आता ज्यात जीव जाऊ शकतो ते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी कुठलीही गोळी चालू असेल, तर या दोन्ही गोळ्या घ्यायच्याच नाहीत. नायट्रेट आणि यातली कुठलीही गोळी मिळून बीपी एकदम कोसळतं. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर १०८ वर फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगा, कोणती घेतली आणि केव्हा. लाज तेवढा वेळ बाजूला. लघवीच्या धारेसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही आधीच सांगा. बाजारातल्या ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पुड्यांवर याचसाठी विश्वास नको: अशा चूर्णांत सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि किती ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

लिंगाच्या रोहिण्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४. अडथळा बारीक नळीत आधी जाणवतो, म्हणून ताठरता गेली की ईसीजी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, बहुतेकांनी ७ च्या आत ठेवावं. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही तपासून पाहावं. टाइप २ शुगरमध्ये ते कमी निघणं नवं नाही, आणि ते कमी असलं की गोळी फिकी पडते. बीपीच्या काही गोळ्यांनीही फरक पडतो, पण त्या परस्पर बंद करू नयेत, बदलून मागाव्यात. आणि खर्रा! पन्नीत घोटलेल्या त्या सुपारी-चुन्यात तंबाखू असते, निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात खर्रा, हा हिशेब जुळत नाही.

लिंगावरची कातडी मागे जात नाही, चिरा पडतात, खाज सुटते, पांढरं साचतं: हे ‘कमजोरी’ नव्हे, वाढलेल्या साखरेवर पोसलेली बुरशी आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, साखर लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्यांवर ती जास्त दिसते. रोज साध्या पाण्याने धुऊन कोरडं करणं आणि डॉक्टरने दिलेलं मलम, यानेच पुष्कळांचा त्रास मिटतो.

गोळ्यांनी भागलं नाही तर हवा ओढून रक्त खेचणारा पंप आहे. त्याची रक्त अडवून धरणारी रबरी रिंग ३० मिनिटांच्या आत काढायची. त्यापुढे लिंगात द्यायचं इंजेक्शन आहे, ते डॉक्टरकडून शिकूनच. कशानेही आलेली ताठरता चार तास उतरली नाही, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच जिल्हा रुग्णालय गाठा.