गुळाची खोटी साक्ष

आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरला तैलरंगांचा वास काही नवा नाही. त्या रंगांत कालवलेलं जवसाचं तेल काही दिवसांत कॅनव्हासवर घट्ट धरतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन तेलाच्या साखळ्या एकमेकींना सांधतो, आणि हे सुरू होतं कार्बन-कार्बन दुहेरी बंधापाशी, म्हणजे दोन कार्बन अणू जिथे दोन बंधांनी जोडलेले असतात तिथे. असे बंध असलेलं संयुग म्हणजे असंपृक्त. खोबरेलात ते फारच थोडे, म्हणून त्याची बाटली उघडी राहिली तरी पापुद्रा धरत नाही.

हा बंध रंगानं पकडतात. नारिंगी ब्रोमीन पाण्यात एथिलीन वायू सोडला, की ब्रोमीन दुहेरी बंधावर जाऊन बसतो आणि रंग उडतो. दुहेरी बंध नसलेला ईथेन वायू सोडला तर रंग तसाच राहतो. मात्र परीक्षानळी उन्हात नको. प्रकाशात ब्रोमीन ईथेनमधल्या हायड्रोजनचीही जागा घेऊ शकतो.

दुसरी परीक्षा बेयर यांची (1905 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांचेच). सौम्य, अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेटला दुहेरी बंध भेटला, की त्याचा जांभळा रंग जातो आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका उरतो. पण याच द्रावणात आपल्या कोल्हापुरी गुळाचं पाणी घाला: जांभळा रंग तिथेही जातो! गुळातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचं ऑक्सिडीकरण होतं, एवढंच. म्हणून एकाच परीक्षेवर निकाल देऊ नये.

बेंझीननं तर भल्याभल्यांना चकवलं. फॅरेडेंनी ते 1825 मध्ये वेगळं केलं. सहा कार्बनला सहाच हायड्रोजन, म्हणजे दुहेरी बंध भरपूर असणार आणि ते ब्रोमीनवर तुटून पडायला हवं. पडत नाही. ब्रोमीन पाण्याबरोबर हलवलं तर नारिंगी रंग वरच्या बेंझीनच्या थरात जाऊन बसतो, आणि नवखा विद्यार्थी खालचं फिकं पाणी पाहून ‘रंग गेला’ लिहून मोकळा होतो. बेंझीनचे सहा कार्बन कड्यासारखे जोडलेले असतात आणि त्या कड्यातले इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांत वाटलेले असतात; सुटा दुहेरी बंध तिथे नसतोच.

तेलांच्या बाबतीत ‘आहे की नाही’ एवढ्यावर भागत नाही, किती आहे ते मोजतात. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पचवतं, तो आयोडीन अंक. खोबरेलाचा 10 च्या आत-बाहेर, शेंगतेलाचा 90 च्या आसपास, जवसाचा 170 च्या पुढे. म्हणून मिसळीच्या कटावरचा तवंग तवंगच राहतो. वर्षानुवर्षं तापलेल्या कढईच्या कडेला जो चिवट, पिवळट थर बसतो ना, तिथे मात्र शेंगतेलही जवसाच्याच वाटेनं गेलेलं असतं.