फिनवर चालणारी होडी

माशाच्या शेपटीसारखी पट्टी (फिन) पाण्यात हलवून छोटी होडी पुढे नेण्याची पद्धत. पट्टीची पुढची कड कडक आणि मागची लवचिक ठेवली की ती पाण्याच्या दाबाने आपोआप वाकते नि पाणी मागे लोटलं जातं.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. काहीजण होडीच्या मागच्या टोकाला एकच वल्हं डावं-उजवं हलवण्याची रीत (चीनमधलं युलो, बहुधा हान काळाइतकं जुनं) हीच पहिली फिन धरतात. दुसरे म्हणतात की वल्ह्याचा कोन माणूस बदलतो आणि फिनचा कोन पाणी बदलतं, म्हणून सुरुवात १८९० च्या दशकात नेपल्सला हर्मान लिंडेनने लाटांवर चालवलेल्या पंखांच्या होडीपासून. मला पहिलं मत जास्त पटतं, कारण युलोला बांधलेली दोरीच पातं कलतं करते, मनगट फार फिरवावं लागत नाही. हलत्या पंखाने ढकल का मिळते हे मात्र विमानवाल्यांनी आधी सांगितलं, नोलरने १९०९ ला आणि बेट्झने १९१२ ला, मग १९२२ मध्ये काट्झमायरने पंख स्थिर ठेवून हवाच हलवून ते प्रयोगात दाखवलं. पायडलने फिन हलवणारी होबी कंपनीची मिराज ड्राइव १९९७ ची.

घरी बनवताना स्ट्रूहाल आकडा बघायचा: सेकंदाला किती झोके (जाऊन-येऊन एक) गुणिले टोकापासून टोकापर्यंतचा झोका, भागिले होडीचा वेग. तो ०.२ ते ०.४ मध्ये राहिला तर काम चांगलं होतं. म्हणजे सेकंदाला १ मीटर जाणाऱ्या होडीला ३० सेंमीचा झोका सेकंदाला एकदा, तर ०.३ येतो, आणि माशांचंही साधारण एवढंच असतं ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

गोव्यात मांडवी, झुवारी, साळच्या फाट्यांत नि खाजनांलगतच्या (बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनींलगतच्या) उथळ पाण्यात इंजिनाचा पंखा चिखलाला लागतो, जाळ्याचे तुकडे गुंडाळतो, तिथे डाव्या-उजव्या झोक्याची फिन सोयीची, वर-खालीवालीला खोली जास्त लागते. उलांडीच्या (तोल राखायला बाजूला लाकूड बांधलेल्या) होडीला फिन मागे लावावी, बाजूला अडते.

चाचणी भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेव्हा करावी, नाहीतर तेच अंतर दोन्ही दिशांनी लगेच जाऊन दोन्ही वेगांची सरासरी काढावी. होडी जेटीला बांधून वजनकाट्याने ओढ मोजली तर तो आकडा चालत्या होडीला लागू होत नाही, कारण तिथे वेग शून्य असतो.